उसनी वाचा

वहिनीनं माझ्या भावाला पहिल्यांदा 'दादा' म्हटलं, तेव्हा आम्ही तिघं जेवायला बसलो होतो.

"दादा, अजून अर्धी भाकरी घे की," ती म्हणाली. स्पष्ट, खणखणीत, गिरणीच्या आवाजावर ओरडायची सवय असलेल्या बाईच्या थाटात. म्हणजे माझ्या थाटात.

दादाचा हात ताटातच थांबला. वहिनीनं झटकन तोंडावर हात ठेवला. लग्नाची बायको नवऱ्याला दादा म्हणते म्हटल्यावर मला आधी हसूच फुटलं, खोटं कशाला बोलू? मग वहिनीचे डोळे दिसले आणि घास तोंडातच फिरायला लागला.

मी हेमा. मिरजेत आमची पिठाची गिरणी आहे, खाली गिरणी आणि वर घर. गिरणी दादा आणि मी मिळून चालवतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ अविनाश, आणि नीलम त्याची बायको. त्यांना मूलबाळ नाही आणि माझं लग्न झालं नाही, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. त्यातला दादा मुलखाचा मुका. दिवसाला वीस शब्द बोलला तर त्या दिवशी सण. तेव्हा बोलायच्या आम्ही दोघी, आणि बोलायचो म्हणजे भांडायचो. भाजीत गूळ घालावा का इथपासून परात कुणी पालथी ठेवली इथपर्यंत.

वहिनी मालवणकडची. आवाज मऊ, बोलणं हळू. तिच्या वयाच्या पुष्कळ बायका नवऱ्याला सरळ नावानं हाक मारायच्या, पण तिनं कधी मारली नाही. 'अहो' हीच तिची हाक. अहो, पाणी तापलंय. अहो, चष्मा फ्रीजवर आहे. रागावली की नुसतंच 'अहो', आणि ते ऐकून दादा गिरणीचा पट्टा सोडून वर पळायचा.

गेल्या संक्रांतीला तिळगुळाचा पाक करताना तिच्या हातातलं उलथणं पडलं. डोक्यात रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, उजवा हात थोडा अधू झाला आणि वाचा गेली. तिला सगळं कळत होतं. आपण विनोद केला तर हसायची, खोटं बोललं तर डोळे वटारायची. पण बोलायला तोंड उघडलं की एकच शब्द बाहेर यायचा.

"अहो."

पाणी हवं तरी अहो, डोकं दुखलं तरी अहो, मला हाक मारायची तरी अहोच. दवाखान्यातल्या डॉक्टर शिवणकर बाई म्हणाल्या, असं होतं. भाषेची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला, ती जळली. पण एखादा फार वापरातला शब्द उजव्या बाजूला जाऊन बसलेला असतो, तो वाचतो. घर जळलं तरी दगडी उंबरा राहतो, तसं.

काडीची गोष्ट त्यांनीच काढली.

"तुमच्या लहानपणी कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्तीवाला काय करायचा, आठवतं?" त्यांनी विचारलं. "आतली डिस्क मेलेली असायची, पण पडदा, बटणं, बाकी सगळं शाबूत. मग तो खिशातून एक पेनड्राइव्ह काढायचा. त्यावर अख्खी यंत्रणा भरलेली असायची. तो खुपसला की कॉम्प्युटर त्याच्यावर चालायला लागायचा. आतल्या डिस्कला हातसुद्धा लागायचा नाही. पेनड्राइव्ह काढला की यंत्र पुन्हा होतं तसं."

वहिनीच्या बाबतीत तेच करायचं होतं. कानामागं एक बारीक खाच बसवायची, तिच्या आतल्या बाजूनं केसापेक्षा बारीक तारा मेंदूपर्यंत न्यायच्या. खाचेत बोटाच्या पेराएवढी काडी लावायची. काडीवर कुणाची तरी अख्खी भाषा: शब्द, त्यांची जुळणी, कुठली वस्तू पाहिली की जिभेवर काय येतं ते सगळं. वस्तू ओळखणार वहिनीचाच मेंदू, मनात येणार तेही तिचंच. शब्द तेवढे काडी पुरवणार.

"आणि काडी आत काहीच लिहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सगळं तात्पुरत्या जागेत चालतं. दिवसभरात नवं काही शिकल्या, तर काडी काढल्यावर ते पुसलं जातं. काढावी तर लागणारच. दुपारी आणि झोपताना, नाहीतर कातडी भाजेल."

तयार भरलेल्या काड्याही मिळत होत्या, पण ती बातम्यांमधली मराठी. त्या मराठीत माणूस भाषण करील, फडताळातली वाटी मागू शकणार नाही. भाषा अशा माणसाची हवी की ज्यानं तीच भांडी, तीच माणसं, तेच दिवस बघितलेत. वहिनीच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं. मग दादाला यंत्राखाली बसवलं. तासभर चित्रं दाखवली, प्रश्न विचारले. तिथली तंत्रज्ञ रेश्मा अत्तार, पोरगी हुशार आणि गोड, ती बाहेर येऊन मला म्हणाली, "मावशी, काका सगळ्याला 'हं' म्हणतायत."

म्हणून माझी पाळी आली. माझं तिच्याशी इतकं जुळलं की डॉक्टरही चकित झाल्या.

"तुम्ही दोघी एकमेकींशी फार बोलत असणार."

"भांडत होतो," मी म्हटलं.

वहिनी बोलायला लागली आणि आमचं घर पुन्हा चालू झालं. पहिले काही दिवस तर जत्राच. ती खिडकीतून गिऱ्हाइकांना ओरडायची, "ओ, डबा कुठं ठेवलाय, पायात येतोय की!" आणि रस्त्यावरची माणसं माझ्याकडं बघायची, मी तर समोर गप्प उभी. तिची भांडणंसुद्धा माझ्या शब्दांतली. "तुला काय कळतंय गं त्यातलं?" हे माझं ठेवणीतलं वाक्य तिनं माझ्यावरच उगारलं, तेव्हा मला कळलं की ते किती लागतं. शेजारची माणसं म्हणायची, नणंदेनं काडी लावली म्हणून भावजय बोलायला लागली, असं जगात पहिल्यांदाच झालं.

पण काडीवरची माणसं माझ्या बाजूनं बघितलेली होती. हे ना डॉक्टरांच्या ध्यानात आलं, ना माझ्या. वहिनीसमोर दादाचा चेहरा आला की काडी तो शब्द द्यायची जो मी जन्मभर वापरला. दादा. आणि मी समोर आले की काडीची पंचाईत, कारण मी स्वतःला कशाला हाक मारीन? मग ती त्यातल्या त्यात जवळचा शब्द शोधायची. स्वयंपाकघरात समोर असलेल्या बाईला मी जे म्हणत आले, ते. वहिनी मला वहिनी म्हणायला लागली.

तिचा माझ्यासाठीचा शब्द 'वन्सं' होता. तो काडीवर असणार कुठून?

मला गंमत वाटायची. आयुष्यात कुणी मला वहिनी म्हणेल अशी वेळ आली नव्हती, ती अशी आली. दादाला मात्र गंमत वाटत नव्हती. तो जेवायला उशिरा यायला लागला. वहिनीचं जेवण झालंय ना, हे जिन्यातूनच बघायचा.

"काय झालंय तुला?" मी एकदा गिरणी बंद करून विचारलं.

त्यानं पिठाचा हात झटकला. मग म्हणाला, "आता मला दोन बहिणी आहेत."

आम्ही तिला शिकवून बघितलं. सकाळी काडी लावली की मी तिला दादासमोर बसवायची. "म्हण, अहो." ती म्हणायची. शब्द नुसता उच्चारायला काहीच अडत नव्हतं. पण त्याच्याकडं बघून, मनापासून काही सांगायला गेली की पुन्हा दादा. दिवसभर घोकून संध्याकाळपर्यंत कुठं ते जिभेवर बसायचं. रात्री काडी निघायची, सकाळी पाटी कोरी.

रेश्मानं दुसरी वाट सुचवली. माझी भाषा पुन्हा नोंदवायची, त्यात 'अहो' घालायचं. मी यंत्राखाली बसले आणि म्हटलं, "अहो." पडद्यावरची रेघ जागची हलली नाही.

"नुसता शब्द नाही चालत मावशी, त्याच्यामागं माणूस लागतो. कुणाला तरी मनात आणा."

"कुणाला आणू? गिरणीच्या मोटरला?"

"आणा तर."

मी डोळे मिटले. एक माणूस होता. फार जुनी गोष्ट, ती सांगायची ही जागा नव्हे. सांगलीहून सायकलवर यायचा, गहू दळायला, आणि त्याच्या घरचं पीठ इतक्या लवकर संपायचंच कसं याचं आमच्या आईला कोडं पडायचं. पुढं त्याचं लग्न दुसरीकडं ठरलं. त्याला मी कधीच कशानंही हाक मारली नाही. त्या दिवशी मनातल्या मनात मारली.

"आलं!" रेश्मा ओरडली. "मावशी, रेघ बघा!"

मी बघितली. डोंगरासारखी वर गेली होती.

"पूस ते," मी म्हटलं.

"अहो पण..."

"पूस म्हणते ना. तो शब्द घेऊन ती माझ्या भावाला हाक मारणार? शोभतं का?"

तिनं पुसलं. घरी जाताना रिक्षात मला रडू आलं. दादाला सांगितलं की यंत्राला जमलं नाही.

त्याच्यानंतरची गोष्ट. दुपारी एक ते चार गिरणी बंद असते आणि वहिनीची काडी काढलेली असते. त्या वेळी मी खाली खाटेवर पडते, दादा वर. एका दुपारी उकाड्यानं झोप येईना म्हणून मी पाणी प्यायला वर गेले, तर मागच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. दादा बोलत होता. दादा! एकामागून एक वाक्यं.

"...तर तो म्हणाला ज्वारी ओली आहे. मी म्हटलं, ओली नाही बाबा, तुझा हात ओला आहे."

"अहो!" वहिनी हसत म्हणाली.

"खरंच. मग गेला गुपचूप."

"अहो...?"

"नाही, पैसे उद्या देतो म्हणाला."

"अहो." हे नाराजीचं.

"देईल गं. चांगला माणूस आहे."

दार अर्धं उघडं होतं. काडी खिडकीत एका वाटीत ठेवलेली. वहिनी भिंतीला टेकून बसली होती आणि दादा तिच्या अधू हाताला तेल चोळत होता. तिच्या त्या एका शब्दाचे किती सूर होते म्हणून सांगू! प्रश्न होता, टोमणा होता, लाड होता, आणि दादाला प्रत्येक कळत होता. मी पाणी न पिताच खाली आले. मला आनंद झाला आणि हेवाही वाटला. काडी लावून ती तासन्‌तास माझ्याशी बोलायची, पण काडी काढून ती दादापाशी जायची.

पावसाळा सरता सरता खाचेत पू झाला. डॉक्टरांनी दोनदा औषधं बदलली, उतार पडेना. शेवटी त्या म्हणाल्या, "ही वाट आता बुजवावी लागेल. त्याच्याआधी ठरवा. काडीवरची भाषा कायमची आत उतरवता येते, मग काडीची गरज नाही. शेवटपर्यंत बोलतील. पण ती लिहायला मेंदूत निरोगी जागा लागते आणि ती उजव्या बाजूला आहे."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तिथं आज जे आहे ते पुसलं जाईल."

तिथं काय होतं, ते आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

दादा लगेच म्हणाला, "उतरवा."

"दादा..." मी म्हटलं.

"म्हणू दे मला दादा. बोलणं तर राहील तिचं." एवढं बोलून तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

मलाही उतरवायलाच हवं होतं. उगीच साळसूदपणा करत नाही. ती बोलायची थांबली तर त्या घरात मी कुणाशी बोलणार? ही भीती मला रात्रंदिवस कुरतडत होती.

ज्या दिवशी उत्तर द्यायचं होतं त्या सकाळी वहिनी जिना उतरून गिरणीत आली. मी पट्टा थांबवला. ती डब्यावर बसली.

"वहिनी," ती मला म्हणाली, "तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"बोलले असते. गप्प बसून मेले असते मी."

"मलापण तसंच वाटायलंय." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "पण हे मला वाटतंय, का तुझी जीभ म्हणायलीय, तेच कळंना झालंय बघ. विचार करायला बसलं की मनातपण तुझेच शब्द येत्यात. मग ते माझं कसं म्हणू?"

"डॉक्टर म्हणतात, मन तुझंच असतं."

"डॉक्टरला काय कळतंय त्यातलं?"

माझंच वाक्य. आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता तिनं माझा हात घट्ट धरला.

"काडी काढून विचारा मला," ती म्हणाली. "आणि मी जे म्हणीन ते ऐक. भांडू नको."

"मी कधी भांडते?"

"आता भांडलीस की!"

दवाखान्यात खुर्चीवर बसवल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काडी कोण काढणार. वहिनीनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी तिचे केस बाजूला केले. कानामागं लालबुंद झालं होतं.

"वहिनी, परातीतलं पीठ झाकलंस का?" तिनं विचारलं.

"झाकलंय."

"मग ठीक."

मी काडी ओढून घेतली. तिचं शेवटचं बोलणं हेच. शेवटचं असेल असं वाटलं असतं, तर मीही काहीतरी बरं बोलले असते.

डॉक्टर तिच्यासमोर बसल्या. "नीलमताई, भाषा कायमची आत उतरवू या? हो असेल तर मान डोलवा. नको असेल तर हलवा."

वहिनीनं मान हलवलीही नाही, डोलवलीही नाही. तिनं दादाकडं बघितलं. किती वेळ बघत होती! दादा जमिनीकडं बघत उभा होता.

"अहो," ती म्हणाली.

दादाचा चेहरा रडवेला झाला. "नको म्हणतीय," तो म्हणाला.

"कशावरून?" मी जवळजवळ ओरडलेच. "तुला कसं कळलं?"

"कळलं."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. या वेळी वहिनीनं मान हलवली. डावीकडं, उजवीकडं, सावकाश, आम्हाला सगळ्यांना दिसेल अशी. नको. मग ती माझ्याकडं वळली आणि हात जोडले. मला म्हणायचं होतं, अगं, माझा तरी विचार कर. पण भांडू नको म्हणून सांगितलं होतं ना तिनं.

त्याच दिवशी खाच बुजवली.

काडी मी घरी आणली. आता ती देवघरातल्या डबीत असते, हळदीकुंकवाशेजारी. त्यावर माझीच भाषा आहे आणि मला तिचा काही उपयोग नाही. गिरणी चालू आहे. दुपारी मागच्या खोलीतून दादाचं बोलणं ऐकू येतं, त्याला आता वीस शब्द पुरत नाहीत. वहिनी डाव्या हातानं गहू निवडते. मी तिच्याशी बोलते, ती अहो म्हणते. सूर ओळखायला शिकतेय मी, पण दादासारखं जमत नाही. निम्मे सूर चुकतात, आणि ती हसून सोडून देते.

मग परवा एक भलतंच झालं. मी ताक घुसळत होते आणि मला आठवायचं होतं की वहिनी ताक घुसळताना काय म्हणायची. म्हणजे ती स्वतः, आजारी पडायच्या आधीची. तिचं बोलणं हळू होतं, मऊ होतं, त्यात मालवणी शब्द यायचे, हे सगळं मला माहीत आहे. पण एक वाक्य आठवेल तर शपथ. जे आठवायचं ते खणखणीत, माझ्या थाटात. दादा, भाकरी घे की. तुला काय कळतंय गं त्यातलं. तिच्या तोंडून ऐकलेले माझेच शब्द तिच्या खऱ्या शब्दांवर बसले होते. एवढी वर्षं ऐकलेली बाई माझ्या डोक्यातून गेली होती.

काडी आत काहीच लिहीत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. वहिनीच्या डोक्यात खरंच काही लिहिलं नाही तिनं. लिहिलं ते माझ्या.

मी रवी टाकून दादाकडं गेले. तो वहिनीशेजारी बसून सुपातले खडे वेचत होता. मी रडत विचारलं, "वहिनी कशी बोलायची रे? मी हाक मारली की काय म्हणायची? मला आठवत नाही."

दादानं मान वर केली. तो आयुष्यभर गप्प बसून ऐकत होता, म्हणून सगळं त्याच्यापाशी होतं. घोगऱ्या आवाजात, अडखळत, पण तिच्याच हेलात तो म्हणाला, "वायच थांबा, वन्सं. इलंय हां."

वहिनीचा हात सुपात थांबला. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिचे ओठ हलले, पुन्हा हलले. हाकेला 'आलेच' म्हणायचे ते शब्द तिचे होते. ते परत घ्यायला ती धडपडत होती, घामाघूम होईपर्यंत.

"अहो," ती म्हणाली.

दादा सवयीनं "ओ" म्हणायला गेला आणि थांबला. कारण ती त्याच्याकडं बघतच नव्हती. हा सूर मी कधी ऐकला नव्हता, पण या वेळी कुणाला विचारावं लागलं नाही.

मी तिच्यापुढं जमिनीवर बसले आणि ओ दिली.